रस्ता झिजवतो कोण आणि पैसे भरतो कोण?



'वाहतुकीची साधने' हा तसा अर्ध्या तासाचा विषय. चित्रं दाखवायची, जमिनीवरची, पाण्यातली आणि हवेतली असे तीन गट करायचे, वहीत लिहून घ्यायचं, झालं. मीही इतकी वर्षं तसंच करत आले. या वर्षी पाचवीला मात्र हा विषय चार दिवस चालला, आणि त्याचं कारण एका मुलाचा प्रश्न.

आमचं गडब मुंबई-गोवा महामार्गावर आहे. पेणहून निघालं की वडखळ नाका लागतो, तिथून अलिबागचा रस्ता फुटतो, आणि नागोठण्याच्या दिशेने पुढे आलं की गडब. लोखंडाची गुंडाळी लादलेला ट्रेलर जवळून गेला की खिडकीची तावदानं थरथरतात, आणि मुलांना त्याची इतकी सवय झालीय की कोणी वर मानही करत नाही. पळस्पे ते इंदापूर हा या महामार्गाचा ८४ किलोमीटरचा टप्पा. त्याचं चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं, म्हणजे माझ्या वर्गातली मुलं जन्मायच्याही आधी. खड्डे, वळण-रस्ता, धूळ हे शब्द या मुलांना शिकवावे लागत नाहीत.

तर त्या दिवशी मी सहज विचारलं, "रस्ता खराब का होतो?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "ट्रेलरमुळे!" मागच्या बाकावरचा एक मुलगा तेवढा गप्प बसला. मधल्या सुट्टीत टेबलाजवळ आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, माझे पप्पा ट्रेलर चालवतात. म्हणजे रस्ता ते मोडतात का?"

मी पटकन "नाही रे बाळा" म्हटलं. पण माझं मलाच ते पटलं नाही. "नाही" हे खरं उत्तर नव्हतं, आणि नुसतं "हो" म्हटलं असतं तर तेही खरं झालं नसतं. त्याला नीट उत्तर द्यायचं म्हणून मी वाचायला बसले. जे सापडलं ते तुमच्यासाठी मांडते. पाठ्यपुस्तकात हे नाही, पण गणित, परिसर अभ्यास आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय यात एकत्र येतात.

आधी आपला बांध

मुलांना सुरुवात ओळखीच्या गोष्टीने करून द्यावी म्हणून मी खारबांधापासून सुरुवात केली. आपल्या पेण-अलिबाग पट्ट्यात खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून बांध घातलेले असतात. उधाणाने बांधाला खांड गेली की एका रात्रीत शेत खारं होतं, आणि मग पुढची काही वर्षं पीक नीट येत नाही. हे बांध पूर्वी गावकरी मिळून सांभाळायचे. जुनी माणसं सांगतात, ज्याची जमीन जास्त त्याने माणसं जास्त पाठवायची. कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

मुलांना हे लगेच कळलं. मग मी विचारलं, "बांधाचा हिशोब जमिनीवर. रस्त्याचा हिशोब कशावर करायचा?" एक म्हणाली, घरावर. दुसरा म्हणाला, गाडीवर. तिसरा म्हणाला, "जो जास्त फिरतो त्याच्यावर." हा तिसरा आणि मुकुंदराव जयकर यांचं मत जुळतं, हे त्याला सांगितल्यावर तो दिवसभर खुशीत होता.

पेट्रोलवरचे दोन आणे

जयकर हे नाव पुण्याला शिकलेल्यांनी ऐकलं असेल, कारण पुणे विद्यापीठातलं मोठं ग्रंथालय त्यांच्याच नावाने आहे. मुंबईचे बॅरिस्टर, केंद्रीय कायदेमंडळाचे सदस्य आणि पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. पण भारतातल्या रस्त्यांच्या पैशाची सुरुवातही त्यांच्यापासून होते, हे मला डी.एड. करताना कोणी सांगितलं नव्हतं.

झालं असं, की पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या. रस्ते होते बैलगाडीसाठी घातलेले, खडी-मुरमाचे. लोखंडी धावेची बैलगाडी रस्ता कापायची आणि मोटारीचं वेगाने फिरणारं चाक त्यातली माती उडवायचं. रस्ते होते प्रांतांकडे आणि स्थानिक बोर्डांकडे, त्यांच्या तिजोरीत पैसे नव्हते. १९२७ मध्ये सरकारने जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. १९२८ मध्ये समितीने अहवाल दिला. त्यातलं मुख्य म्हणणं असं, की रस्ते आता एकेका गावाचा किंवा जिल्ह्याचा प्रश्न राहिलेला नाही, तो देशाचा प्रश्न झालाय. त्यासाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा आणि तो पैसा वेगळ्या निधीत ठेवून फक्त रस्त्यांवरच खर्च करावा.

१ मार्च १९२९ पासून केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. निधीतला पैसा प्रांतांना वाटायचा तो त्या-त्या प्रांतात किती पेट्रोल जळतं त्या प्रमाणात. म्हणजे जिथे गाड्या जास्त धावतात तिथे पैसा जास्त. बघा, आपल्या बांधाचाच नियम, फक्त जमिनीच्या जागी पेट्रोल.

इथे वर्गात दोन आणे म्हणजे काय ते करून घ्या. सोळा आण्यांचा रुपया, म्हणून दोन आणे म्हणजे रुपयाचा आठवा भाग. गॅलन म्हणजे साधारण साडेचार लिटर. अपूर्णांकांचा तास आपोआप होतो.

ही कल्पना जयकरांच्या समितीने शून्यातून काढली नव्हती. अमेरिकेतल्या ओरेगन नावाच्या राज्याने १९१९ मध्येच गॅलनमागे एक सेंट असा पेट्रोल कर लावला होता, त्या देशातला पहिला. या ओरेगनकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ, कारण आमच्या वर्गातल्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या लोकांनी चक्क मतदान करून दिलंय.

आज आपण किती आणि कुठे भरतो

पालक सभेत मी एकदा विचारलं, "रस्त्यासाठी तुम्ही काय भरता?" बहुतेक सगळे म्हणाले, "टोल." एक आजोबा म्हणाले, "काय नाय, आमी तर एसटीनं फिरतो." खरं तर आपण तीन-चार ठिकाणी भरतो, आणि एसटीने फिरणारे आजोबाही तिकिटातून भरतातच.

पहिला म्हणजे गाडी घेतानाचा कर. महाराष्ट्रात याचा मूळ कायदा १९५८ चा. स्कूटर-मोटारसायकल घेतली की किमतीच्या साधारण दहा ते बारा टक्के एकरकमी कर आपण शोरूममध्येच भरतो, बिलात तो 'आरटीओ' म्हणून येतो आणि आपण बघतही नाही. मालवाहू ट्रकचा हिशोब वेगळा, तो मुख्यतः भरलेल्या गाडीच्या वजनावर असतो. आपल्या घटनेत वाहनांवरचा कर हा राज्यांच्या यादीत आहे आणि राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत. म्हणजे गाडीचा कर मुंबईला जातो आणि ती गाडी ज्या महामार्गावर धावते तो दिल्लीच्या अखत्यारीत. आणखी एक गोष्ट पालकांना पटकन पटत नाही: गाडीचा हा कर राज्याच्या एकत्रित तिजोरीत जमा होतो. तो रस्त्यावरच खर्च होईल असं बंधन नाही. त्यातून शाळाही चालते, दवाखानाही चालतो. माझा पगारही त्याच तिजोरीतून होतो, त्यामुळे मी फार तक्रार करू शकत नाही!

दुसरा म्हणजे इंधनावरचा उपकर. जयकरांच्या निधीला २००० साली स्वतंत्र कायद्याचा आधार मिळाला. तेव्हा उपकर लिटरमागे एक रुपया होता. २०१८ च्या अर्थसंकल्पात तो रस्ते आणि पायाभूत सुविधा उपकर या नावाने आठ रुपये झाला. नाव बदललं तसा त्याचा उपयोगही रस्त्यांपुरता राहिला नाही.

तिसरा टोल. राष्ट्रीय महामार्गांच्या टोलचे नियम २००८ चे आहेत आणि त्यातले २००७-०८ सालचे मूळ दर वर्गात फार उपयोगी पडतात. किलोमीटरमागे कारला ६५ पैसे, बस किंवा दोन आसांच्या ट्रकला २ रुपये २० पैसे, चार ते सहा आसांच्या मोठ्या गाडीला ३ रुपये ४५ पैसे. (आस म्हणजे दोन बाजूंची चाकं जोडणारा दांडा, ड्रायव्हर लोक 'एक्सेल' म्हणतात.) दरवर्षी दर वाढतात, पण हे प्रमाण लक्षात ठेवा: मोठा ट्रेलर कारच्या साधारण सव्वापाच पट भरतो. दुचाकीला सहसा टोल नाही. आणि बघा, माणसांनी भरलेली एसटी आणि मालाचा ट्रक एकाच रांगेत! यावर आमच्या वर्गात बराच गोंधळ झाला. एका मुलीचं म्हणणं होतं की एसटीला माणशी भागायला हवं, मग बघा ती किती स्वस्त.

तर प्रश्न असा, की सव्वापाच पट हे बरोबर आहे का? जास्त आहे की कमी?

तारेचा प्रयोग

याचं उत्तर शोधायला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ एक मोठा प्रयोग झाला, १९५८ ते १९६० या काळात. खास रस्ते बांधले आणि त्यांवर वेगवेगळ्या वजनाचे ट्रक रात्रंदिवस गोल-गोल फिरवले, रस्ते मोडेपर्यंत. त्यातून जो नियम निघाला त्याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात. आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, ती २ × २ × २ × २, म्हणजे सोळा पट होते. तिप्पट वजन, तर ८१ पट.

मुलांना हे खरं वाटत नाही. मोठ्यांनाही वाटत नाही. म्हणून तारेचा प्रयोग करा. बांधकामावरची बाइंडिंग तार घ्या. एक तुकडा अगदी थोडा वाकवून सरळ करा, परत वाकवा, परत सरळ करा. कितीही वेळ केलं तरी तुटत नाही. दुसरा तुकडा काटकोनात वाकवून सरळ करा. थोड्याच वेळात हातात दोन तुकडे येतात. डांबराचंही असंच. प्रत्येक चाकाखाली रस्ता केसभर वाकतो आणि परत सरळ होतो. कार गेली तर इतका थोडा वाकतो की त्याला काही वाटत नाही. जड आस गेला की जास्त वाकतो, आणि हजारो वेळा वाकल्यावर बारीक चीर पडते. चिरेत पाणी जातं. आणि कोकणात पाण्याला काय तोटा!

आता हिशोब. समजा, माणसांसह कारचं वजन १२०० किलो. दोन आस, म्हणून एका आसावर ६०० किलो. ट्रकच्या मागच्या चार टायरच्या एका आसावर कायद्याने पूर्वी जास्तीत जास्त १०.२ टन चालायचे, म्हणजे १०,२०० किलो. १०,२०० ला ६०० ने भागलं की १७. आता १७ × १७ × १७ × १७ करा. मुलांनी फळ्यावर केलं, दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ८३,५२१ आलं. कारचा एक आस आणि ट्रकचा एक आस यांच्यात झिजेचा फरक एवढा!

जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने ही मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. वाढ दिसायला जेमतेम तेरा टक्के. पण चौथा घात केला की झीज साधारण १.६ पट. ट्रकमालकांची मागणी जुनी होती आणि एका फेरीत जास्त माल गेला तर फेऱ्या कमी होतात, डिझेल वाचतं, हेही खरं. फक्त जुना रस्ता ज्या वजनाचा हिशोब धरून बांधला होता ते वजन बदललं.

शिक्षकांसाठी एक सावधगिरीची सूचना. हा नियम अंदाजाचा आहे, पाढ्यासारखा पक्का नाही. तो प्रयोग तिथल्या मातीवर आणि तिथल्या हवामानात झाला. काँक्रीटचा रस्ता वेगळा वागतो, मऊ जमिनीवरचा वेगळा. म्हणून "बरोबर ८३,५२१ पट" असं मुलांच्या मनावर ठसवू नका, "हजारो पट" एवढं पुरे. आणि दुसरं म्हणजे, रस्त्याचा सगळा खर्च झिजेचा नसतो. जमीन घ्यावी लागते, गटारं, दिवे, पाट्या, साकव, पूल लागतात. ते दुचाकीसाठीही लागतात आणि शाळेत चालत येणाऱ्या पोरांसाठीही.

ओरेगनची मतपत्रिका

आता ओरेगनकडे. तिथे १९४७ पासून जड ट्रकांना वजन आणि अंतर या दोन्हींवर कर आहे. ट्रक किती वजनाचा आणि राज्यात किती मैल धावला, दोन्ही मोजायचं. हलक्या गाड्या पेट्रोल कर आणि नोंदणी शुल्क भरतात. दोघांत वाद कायमचा. ट्रकवाले म्हणायचे आम्ही जास्त भरतो, कारवाले म्हणायचे तुम्हीच रस्ता मोडता.

नोव्हेंबर १९९९ मध्ये हा प्रश्न लोकांपुढे मतदानाला आला. आपल्याकडे मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात. तिथल्या अनेक राज्यांत मतपत्रिकेवर कधीकधी प्रश्नही छापलेला असतो, आणि 'हो' किंवा 'नाही' वर खूण करायची असते. प्रश्न साधारण असा होता: हलकी वाहनं आणि जड वाहनं यांच्यामुळे रस्त्यांवर जो-जो खर्च येतो, त्या प्रमाणातच दोन्ही गटांकडून पैसे घ्यावेत, असं राज्याच्या घटनेत लिहावं का? लोकांनी 'हो' म्हटलं. तेव्हापासून तिथे दर दोन वर्षांनी हिशोब मांडावा लागतो आणि एक गट जास्त भरत असेल तर दर बदलावे लागतात.

पुढच्याच वर्षी मे २००० मध्ये पुन्हा मतदान झालं. तिथल्या कायदेमंडळाने ट्रकचा वजन-अंतर कर काढून त्याऐवजी इंधनावरचा कर वाढवायचं ठरवलं होतं. लोकांनी सह्या गोळा करून तो कायदा मतदानाला ओढून आणला आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त मतांनी फेटाळला.

मला यात मतांच्या आकड्यापेक्षा एक गोष्ट आवडली. तिथे लोकांना "कर कमी करू का?" असा प्रश्न विचारला नव्हता. तसं विचारलं तर कोण 'नको' म्हणेल? वाटणीचा नियम काय असावा, हे विचारलं होतं.

आपल्याकडे असं कधी झालंय का?

रस्त्याच्या करावर नाही. आपल्या घटनेच्या २६५ व्या कलमानुसार कायद्याशिवाय कर घेता येत नाही, आणि तो कायदा करतात आपण निवडून दिलेले आमदार-खासदार. कराच्या प्रश्नावर लोकांचं थेट मतदान घ्यायची सोय आपल्याकडे नाही. आपल्याकडे असे निर्णय आंदोलनातून किंवा निवडणुकीच्या तोंडावर होतात. कोल्हापूरकरांनी शहरातल्या टोलविरुद्ध काही वर्षं लढा दिला आणि २०१५ च्या अखेरीस तो टोल बंद करण्याची घोषणा झाली. त्याच वर्षी जूनपासून राज्याने १२ टोलनाके पूर्ण बंद केले आणि ५३ नाक्यांवर कार-जीपला व एसटीला सूट दिली. १४ ऑक्टोबर २०२४ ला मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी जाहीर झाली, आणि दुसऱ्या दिवशी विधानसभा निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाला. प्रत्येक वेळी "टोल माफ" ही बातमी झाली. "मग तो खर्च आता कोणाच्या वाट्याला?" हे फारसं कोणी विचारलं नाही. माफ झालेला पैसा कुठून तरी भरला जातोच, आणि बहुधा तो अशा माणसाच्या खिशातूनही जातो ज्याने तो रस्ता कधी पाहिलेलाही नाही.

पण थेट कौल ही गोष्ट आपल्याला अगदीच नवीन नाही. याच महामार्गाने पुढे गेलं की गोवा लागतं. तिथे १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही यावर मतदान झालं. विलीनीकरणासाठी फूल आणि वेगळं राहण्यासाठी दोन पानं अशी चिन्हं होती. दोन पानं जिंकली. आणि आपल्या पेण तालुक्यात तर पालकांना स्वतःला आठवत असेल, २१ सप्टेंबर २००८. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांतल्या शेतकऱ्यांना सरकारने विचारलं, विशेष आर्थिक क्षेत्रासाठी तुमची जमीन घ्यायची की नाही. ते क्षेत्र शेवटी झालं नाही. या लढ्याचं नेतृत्व करणारे प्रा. एन. डी. पाटील पुढे कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यातही होते. घरी आजी-आजोबांना त्या दिवसाबद्दल विचारून या, असा गृहपाठ मी दिला. दुसऱ्या दिवशी मुलं एवढं बोलत होती की मला हजेरीही घेता येईना.

वर्गातलं मतदान

शेवटच्या दिवशी आम्ही खेळ केला. समजा, एका गावात दहा गाड्या आहेत: आठ स्कूटर, एक कार, एक ट्रक. रस्त्याचा वर्षाचा खर्च १०० रुपये. त्यातले ४० रुपये गटार, दिवे, पूल अशा सगळ्यांच्या गोष्टींचे, ६० रुपये झिजेचे. आकडे मी मनाने घेतले, तुम्ही बदला.

पहिली वाटणी: सगळे सारखे, प्रत्येकी १० रुपये. दुसरी वाटणी: ४० रुपये सगळ्यांत सारखे, म्हणजे प्रत्येकी ४, आणि झिजेचे ६० ट्रककडून. मग ट्रक ६४, कार ४, आठ स्कूटर मिळून ३२.

आधी सगळे दुसऱ्या वाटणीच्या बाजूने होते. मग मी विचारलं, "ट्रकमध्ये काय आहे?" कोणी म्हणालं सिमेंट, कोणी म्हणालं रेशनचे तांदूळ. "मग ट्रकवाला ६४ रुपये कुठून आणणार?" एक मुलगी म्हणाली, "भाड्यातून. मग दुकानदार तांदूळ महाग करणार." मग वर्गात दोन पक्ष पडले. एक म्हणे, शेवटी आपणच भरायचं तर सारखी वाटणी बरी. दुसरा म्हणे, नाही, ज्याला जास्त माल लागतो तो जास्त भरेल, हेच बरोबर. एकाने तर तिसराच मार्ग काढला, "ट्रक रेल्वेवर ठेवायचा." मी म्हटलं, अरे, हे आपल्या शेजारीच झालंय! रोहा तालुक्यातल्या कोलाडहून कोकण रेल्वेने १९९९ पासून भरलेले ट्रक मालगाडीवर चढवून गोव्याकडे न्यायला सुरुवात केली. ज्या वर्षी ओरेगनमध्ये मतदान झालं त्याच वर्षी. मुलांनी रेल्वेवर चढलेला ट्रक आधी पाहिला होता, पण तो तसा का जातो याचा विचार केला नव्हता.

मग चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, असं बजावून सांगितलं. दुसरी वाटणी जिंकली, पण थोडक्यात. हरलेल्यांनी लगेच फेरमोजणी मागितली, ती केली.

आता त्या मुलाचं उत्तर. मी त्याला चार दिवसांनी बोलावलं आणि सगळं खरं सांगितलं. जड गाडीमुळे रस्ता जास्त झिजतो, हो. पण गाडीत किती माल भरायचा हे बहुतेक वेळा पप्पा ठरवत नाहीत, भरणारा आणि गाडीमालक ठरवतात. जास्त माल भरला तर मोटार वाहन कायद्याच्या १९४ व्या कलमाने २० हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार, २०१९ च्या दुरुस्तीपासून. आणि त्या कलमात गाडी चालवणारा आणि ती तशी चालवायला लावणारा, दोघेही धरलेत. शिवाय ठरलेल्या वजनात चालणारा ट्रेलर आपला वाटा भरतो. तो वाटा पुरेसा आहे का, हे ठरवणं सरकारचं आणि आपलं सगळ्यांचं काम आहे, पप्पांचं एकट्याचं नाही.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मॅडम, पप्पा म्हणतात खड्ड्यात टायर फुटला की त्यांच्याच पगारातून कापतात. ते कुठल्या वाटणीत लिहायचं?"

ते आम्ही फळ्यावर वेगळी ओळ काढून लिहिलं. पुढच्या आठवड्यात त्याचे पप्पा सुट्टीवर येणार आहेत, तेव्हा त्यांना वर्गात बोलवायचं ठरलंय.